छायालेखकाचे वाचन : गोविंद निहलानी यांची कारकीर्द आणि मराठी साहित्यकृती

प्रस्तावना

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या ऑस्कर समारंभात रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटाला आठ पारितोषिके मिळाली. त्यांपैकी वेशभूषेचे पारितोषिक कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासमवेत विभागून मिळाले आणि ते मराठी वाचकाच्या कायमचे स्मरणात राहिले. छायालेखनाचे पारितोषिक बिली विल्यम्स आणि रॉनी टेलर या दोन ब्रिटिश छायालेखकांना मिळाले. याच चित्रपटाच्या दुय्यम पथकाचे दिग्दर्शन आणि छायालेखन गोविंद निहलानी यांच्याकडे होते, ही गोष्ट मात्र चित्रपटाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी पोहोचली नाही. त्या वेळेपर्यंत निहलानी यांनी श्याम बेनेगल यांच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांचे छायालेखन केले होते, त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळविले होते आणि ‘आक्रोश’ या चित्रपटाद्वारे दिग्दर्शक म्हणूनही आपली ओळख निर्माण केली होती.

साहित्याच्या अध्यापनात ‘माध्यमांतर’ हा विषय आता रुळला आहे. नाटक किंवा कथा आणि तिच्यावरील चित्रपट यांची तुलना करताना कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे वाढविली, शेवट कसा बदलला याची यादी सहसा केली जाते. ही यादी पटकथेची असते. ज्या माणसाने त्या प्रसंगावर उजेड कोठून पडावा आणि तो कोणत्या अंतरावरून दिसावा हे ठरविले, त्याचे नाव या विवेचनात बहुधा येत नाही. प्रस्तुत लेखात गोविंद निहलानी यांच्या कारकिर्दीचा परिचय करून देताना, छायालेखकाचे निर्णय हे मूळ संहितेचे वाचनच कसे असते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी निहलानी यांच्याइतके सोयीचे दुसरे उदाहरण मराठी अभ्यासकाला मिळणे कठीण आहे. सिंधी कुटुंबात जन्मलेल्या या छायालेखकाच्या कामाचा मोठा भाग विजय तेंडुलकर, हंसा वाडकर, चिं. त्र्यं. खानोलकर, श्री. दा. पानवलकर आणि नागपूरचे महेश एलकुंचवार यांच्या लेखनाशी निगडित आहे.

छायालेखकाचे काम

छायालेखक म्हणजे केवळ कॅमेरा चालविणारा तंत्रज्ञ, हा समज अजूनही दृढ आहे. प्रत्यक्षात तो प्रकाशाचा उगम, भिंगाची निवड, कॅमेऱ्याचे स्थान आणि त्याची हालचाल यांविषयी दिग्दर्शकाच्या बरोबरीने निर्णय घेत असतो. याहूनही महत्त्वाचा असा एक निर्णय असतो, तो म्हणजे काय दिसू द्यायचे नाही. रंगभूमीवर प्रेक्षकाला बोलणाऱ्या पात्राकडे न पाहता ऐकणाऱ्या पात्राकडे पाहण्याचे स्वातंत्र्य असते. चित्रपटात ते नसते. तेथे प्रेक्षकाची दृष्टी चौकटीच्या स्वाधीन केलेली असते. आणि म्हणूनच चौकट आखणारा माणूस हा त्या संहितेचा एक भाष्यकार ठरतो.

ब्रिटिश पद्धतीत हे काम विभागलेले असते. प्रकाशयोजनेची जबाबदारी मुख्य छायालेखकाची आणि प्रत्यक्ष कॅमेरा हाताळणारा ऑपरेटर वेगळा. ‘गांधी’चे एक मानकरी रॉनी टेलर (१९२४–२०१८) हे दीर्घकाळ असे ऑपरेटर होते. स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘बॅरी लिंडन’ (१९७५) आणि जॉर्ज ल्युकस यांचा ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटांत त्यांनी त्या नात्याने काम केले होते. बिली विल्यम्स (१९२९–२०२५) यांचे वडीलही कॅमेरामन. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करूनच ते या व्यवसायात आले. आपल्याकडे सत्तरच्या दशकातील कमी खर्चाच्या चित्रपटांना अशी श्रमविभागणी परवडणारी नव्हती. प्रकाश योजणारा आणि कॅमेऱ्याच्या नेत्रिकेला डोळा लावणारा बहुधा एकच असे. ही अडचण होती खरी, पण पाहण्याची एकसंधता त्यातूनच आली.

शिक्षण आणि गुरुपरंपरा

निहलानी यांचा जन्म १९४० साली कराचीत झाला. फाळणीनंतर हे कुटुंब राजस्थानातील उदयपूर येथे आले. स्थलांतराचा हा अनुभव पुढे चाळीस वर्षांनी ‘तमस’च्या रूपाने पडद्यावर आला, असे म्हणावयास हरकत नाही. बंगळूर येथील श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक या संस्थेतून १९६२ साली त्यांनी छायालेखनाचे शिक्षण पूर्ण केले. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली स्थापन झाली. त्यापूर्वीपासून दक्षिणेत हे तांत्रिक शिक्षण देणारी ही संस्था होती, आणि हिंदी चित्रपटसृष्टीतील एक श्रेष्ठ छायालेखक व्ही. के. मूर्ती हेही तेथीलच विद्यार्थी.

मूर्ती यांच्याकडे निहलानी यांनी साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९) आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) हे गुरुदत्त यांच्या संस्थेचे चित्रपट मूर्तींच्या प्रकाशयोजनेमुळेही लक्षात राहतात. ‘कागज के फूल’मधील रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत त्यांनी दिव्यांनी निर्माण केला नव्हता. बाहेर आरसा ठेवून सूर्यप्रकाश आत घ्यायचा आणि दुसऱ्या आरशाने तो खाली वळवायचा, अशी ती युक्ती होती. मूर्तींना पुढे २००८ सालासाठीचे दादासाहेब फाळके पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले छायालेखक होत.

गुरूकडून शिष्याने काय घेतले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. मूर्तींचा प्रकाश काव्यात्म आहे, तो पात्राच्या दुःखाला उंची देतो. निहलानी यांच्या प्रकाशात ही उंची क्वचितच आढळते. त्यांनी घेतले ते एवढेच की, प्रकाशाला उगम हवा. खिडकी असेल तर उजेड खिडकीतून यावा, कंदील असेल तर कंदिलाच्या आवाक्याबाहेर अंधार असावा. मूर्तींनी हे तत्त्व सौंदर्यासाठी वापरले आणि निहलानी यांनी वास्तवासाठी, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

‘शांतता!’पासून ‘मंथन’पर्यंत

निहलानी यांच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक महत्त्वाचा चित्रपट मराठी आहे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्यावर मराठी चित्रपट केला. बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनीच केली आणि छायालेखन निहलानी यांनी केले. नाटकातील बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते तेव्हा तिच्याभोवतीची सारी माणसे प्रेक्षकाला एकाच वेळी दिसत असतात. तिचे एकटेपण त्या गर्दीच्या संदर्भात कळते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला की गर्दी नाहीशी होते. गर्दी दाखवावी तर चेहरा दूर जातो. नाटकाच्या चित्रीकरणातील ही मूलभूत अडचण निहलानी यांच्यापुढे कारकिर्दीच्या प्रारंभीच आली. पुढे तेरा वर्षांनी ‘पार्टी’ करताना तीच पुन्हा समोर उभी राहणार होती.

जाहिरातपटांच्या निमित्ताने बेनेगल आणि निहलानी यांचे सूर जुळलेले होते. ‘अंकुर’ (१९७४) हा बेनेगल यांचा पहिला कथापट; त्याचे छायालेखन निहलानी आणि कामत घाणेकर यांनी मिळून केले. तेलंगणातील खेड्यात, खऱ्या घरांत आणि खऱ्या शेतांत हे चित्रीकरण झाले. आज हे वाक्य लिहिताना त्यातील अडचण जाणवत नाही. त्या काळच्या रंगीत फिल्मची प्रकाशग्राहकता सुमारे १०० ए.एस.ए. एवढीच होती. खेड्यातील घराच्या आत जेवढा उजेड असतो तेवढ्यावर ती फिल्म काही टिपू शकत नसे. म्हणजे आत कृत्रिम प्रकाश आणावाच लागे, आणि तो आणला आहे हे प्रेक्षकाला कळूही द्यायचे नसे. सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) यावर एक मार्ग काढला होता. बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारून त्यांनी वर पांढरे कापड ताणले आणि त्यावरून परावर्तित होणारा मंद, सावलीरहित प्रकाश खाली घेतला. परावर्तित प्रकाशाचे हे तंत्र पुढे भारतीय समांतर चित्रपटाचे जणू व्याकरणच झाले.

‘अंकुर’मध्ये या तंत्राला एक सामाजिक अर्थ प्राप्त झाला. हिंदी चित्रपटातील खेडे तोवर एकतर सणासुदीच्या रंगांत न्हालेले असे किंवा दारिद्र्याच्या गडद छायांत बुडालेले. ‘अंकुर’मधील लक्ष्मी ज्या उजेडात भाकरी करते, त्याच उजेडात जमीनदाराचा मुलगा तिला न्याहाळतो. छायालेखक त्यांपैकी कोणालाही वेगळा प्रकाश देत नाही. चित्रपटाच्या शेवटी लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो आणि पडदा लाल होतो. संपूर्ण चित्रपटात रंगाचा असा उघड वापर राखून ठेवल्यामुळेच त्या लाल रंगाचा आघात होतो. ही काटकसर म्हणजे दृश्यभाषेतील संयम होय.

‘निशांत’ (१९७५) आणि ‘मंथन’ (१९७६) या दोन्हींच्या लेखनात तेंडुलकरांचा सहभाग होता. ‘मंथन’च्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ‘मंथन’ची निर्मिती केली, ही कथा सर्वश्रुत आहे. तेवढी परिचित नसलेली गोष्ट अशी की, कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे निहलानी यांना वेगवेगळ्या कंपन्यांची फिल्म एकाच चित्रपटात वापरावी लागली. प्रत्येक फिल्मचा रंगस्वभाव निराळा. एकीत हिरवा उठून दिसतो, तर दुसरीत मातीचा तपकिरी. त्या सर्वांतून एकच गाव उभे करायचे, हे काम पटकथेत कोठेही लिहिलेले नसते.

‘भूमिका’ : आत्मकथनाचे रंग

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला ‘भूमिका’ (१९७७) हा या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय चित्रपट. नटीच्या वर्तमान आयुष्याचे प्रसंग रंगीत आहेत आणि भूतकाळ कृष्णधवल वा तपकिरी छटेत येतो. वरवर पाहता ही स्मृतिदृश्यांची रूढ खूण वाटते. परंतु येथे ती तेवढीच नाही. नायिकेच्या आयुष्याचे टप्पे आणि भारतीय चित्रपटाच्या तंत्राचे टप्पे समांतर चालतात. ज्या काळात ती स्टुडिओत लहान मुलगी म्हणून आली, त्या काळाचे चित्रपट जसे दिसत तसाच तिचा भूतकाळ दिसतो. तिची आठवण आणि तिचा व्यवसाय एकाच फिल्मवर मुद्रित झाल्या आहेत. हंसाबाईंचे पुस्तक बोलके आहे, मोकळे आहे. त्यात अशी रचना नाही. ती चित्रपटाने घातलेली भर आहे आणि तिचे वाहन संवाद नसून फिल्मचा पोत आहे. ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘भूमिका’ यांची तुलना करताना नायिकेच्या संसारातील कोणते तपशील बदलले एवढेच नोंदविले, तर चित्रपटाचे अर्धे विधान हातातून निसटते.

पाठोपाठ खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीवरील चित्रपट आला. तो हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत झाला. खानोलकरांची कोकणी गूढता आंध्रच्या भूमीत पुरेशी रुजली नाही, हे येथे नमूद करून पुढे जाणे बरे.

पारितोषिकाविषयी थोडेसे

१९७८ सालासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत रंगीत छायालेखनाचे पारितोषिक निहलानी यांना ‘जुनून’साठी मिळाले. त्या काळी रंगीत आणि कृष्णधवल छायालेखनासाठी स्वतंत्र पारितोषिके असत. रस्किन बॉण्ड यांच्या कथेवरील हा चित्रपट १८५७ च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर घडतो. निर्माते शशी कपूर असल्याने साधनसामग्रीची ओढाताण नव्हती. आरंभीची कव्वाली, जुन्या हवेल्या, कबुतरे, धुळीने भरलेले युद्धदृश्य – सारेच नेत्रसुखद आहे. निहलानी यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, त्यांच्या आजवरच्या कामातील सर्वाधिक अलंकृत चित्रपटालाच छायालेखनाचे पारितोषिक मिळावे, ही बाब सूचक आहे. ‘अंकुर’ किंवा ‘आक्रोश’ यांच्या छायालेखनाला तो मान मिळाला नाही. ज्या प्रकाशाने स्वतःकडे लक्ष वेधले नाही, तो परीक्षकांच्याही लक्षात आला नाही.

हीच गोष्ट काही अंशी ‘गांधी’बाबतही म्हणता येईल. १९८० च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १९८१ च्या मे महिन्यात संपलेल्या या चित्रीकरणात, पाठीच्या दुखण्यामुळे बिली विल्यम्स यांना काही काळ दूर राहावे लागले आणि त्या काळात टेलर यांनी सूत्रे सांभाळली; म्हणून पारितोषिक दोघांचे. महात्माजींच्या अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेनंतर बरोबर तेहतीस वर्षांनी, दिल्लीत चित्रित झाले. तीन लाखांहून अधिक माणसे त्यासाठी जमली होती आणि अकरा कॅमेरा-पथके काम करीत होती. ती भव्यता पडद्यावर उतरली हे खरे. दुय्यम पथकाचे काम याहून वेगळे असते. ज्या दृश्यांत मुख्य नट नाहीत, जेथे केवळ गाडी, रस्ता, जमाव वा निसर्ग आहे, ती दृश्ये हे पथक टिपते. आणि उत्तम दुय्यम पथक तेच, ज्याचे काम मुख्य पथकाच्या कामातून वेगळे ओळखता येत नाही. अशा कामात पारितोषिकाची शक्यता व्याख्येनेच संपते.

दिग्दर्शक आणि छायालेखक एकच

‘आक्रोश’ (१९८०) हा निहलानी यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. पटकथा तेंडुलकरांची, छायालेखन स्वतःचे. १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णमयूर मिळाला. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू (ओम पुरी) संपूर्ण खटल्यात एक शब्दही बोलत नाही. वकील भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) त्याला बोलते करण्यासाठी धडपडतो. नायकच मुका राहिल्यामुळे संहितेचा भार चेहऱ्यावर आणि पर्यायाने कॅमेऱ्यावर येतो. लहान्याकडे पाहणारा प्रत्येक जण – वकील, न्यायालय, प्रेक्षक – त्याच्याकडून निवेदनाची अपेक्षा करतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी थांबून ती अपेक्षा अपुरी ठेवतो. तेंडुलकरांच्या बेणारेला स्वगत मिळाले होते. लहान्याला तेही नाही. अखेरीस बापाच्या चितेपाशी तो बहिणीवर कुऱ्हाड चालवितो आणि प्रथमच त्याचा आवाज ऐकू येतो, तो किंकाळीच्या रूपाने. पत्नीच्या चितेपासून बापाच्या चितेपर्यंतचा हा प्रवास आगीच्या दोन प्रकाशांमध्ये बसविला आहे.

‘अर्धसत्य’ (१९८३) हा पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे आणि दिलीप चित्रे यांची कविता. उपनिरीक्षक अनंत वेलणकर ती कविता उपाहारगृहात बसून वाचतो, हा प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. कवितेतील प्रतिमांची दृश्ये दाखविण्याचा मोह कोणत्याही दिग्दर्शकाला झाला असता. येथे कॅमेरा वाचणाऱ्या माणसापाशीच राहतो. थट्टेने सुरू झालेले वाचन हळूहळू गंभीर होते आणि शब्द त्याला लागू पडू लागले आहेत हे केवळ त्याच्या मुद्रेवरून कळते. कवितेच्या अध्यापनासाठीही हा प्रसंग उपयुक्त आहे.

एलकुंचवारांची ‘पार्टी’

नागपूरकर अभ्यासकाला सर्वांत जवळचा असा चित्रपट म्हणजे ‘पार्टी’ (१९८४). राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती, महेश एलकुंचवार यांचे नाटक आणि पटकथाही त्यांचीच. नाटककार दिवाकर बर्वे (मनोहर सिंग) यांना मोठे पारितोषिक मिळाले म्हणून दमयंती राणे (विजया मेहता) यांच्या घरी मेजवानी आहे. लेखक, नट, समीक्षक, धनिक, क्रांतीची भाषा बोलणारे असे सारे जमले आहेत. जो आलेला नाही त्याच्याविषयीच सर्वजण बोलत राहतात. तो म्हणजे कवी अमृत, जो लेखन मागे टाकून आदिवासींमध्ये काम करण्यास गेला आहे.

नाटकात ही अनुपस्थिती सहज साधते. रंगमंचावर जो येत नाही तो नाहीच. त्याची जागा प्रेक्षकाची कल्पना भरते. चित्रपटात मात्र मेजवानीच्या घोळक्यात कॅमेरा कोठेही जाऊ शकतो, म्हणून कोठे जावे हा प्रश्न पडतो. निहलानी यांनी येथे एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सरकणारा कॅमेरा योजिला. एकाचे वाक्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पूर्ण होते. कोणी तत्त्वाचे बोलत असताना चौकटीच्या कडेला कोणाचा तरी पेला भरला जात असतो. नाटकात संवादांतून प्रकटणारा दांभिकपणा येथे चौकटीच्या कडेवर दिसतो. घरातील प्रकाश उबदार आणि श्रीमंत आहे, दिव्यांचे उगम दिसतात, आणि त्या प्रकाशात सगळेच चेहरे सुसंस्कृत वाटतात. दारू पिऊन स्वतःला हरवून बसलेली मोहिनी बर्वे तेवढी त्या सुसंस्कृत उजेडात बसत नाही. या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘गांधी’तील कस्तुरबांनंतर दोनच वर्षांनी आलेली ही भूमिका तिच्याशेजारी ठेवून पाहिल्यास त्यांच्या अभिनयाचा पल्ला ध्यानात येतो.

चित्रपटाच्या अखेरीस अमृतच्या मृत्यूची वार्ता येते आणि तो पडद्यावर दिसतो – रक्तबंबाळ, जीभ छाटलेला. ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आहे. येथे मतभेदाला वाव आहे. अमृत दिसला नसता तर त्या मेजवानीतील प्रत्येकाचा अमृत वेगळाच राहिला असता, आणि एलकुंचवारांच्या नाटकाची ताकद नेमकी त्यात होती. दृश्याने ती अनेकता संपविली. प्रेक्षकाला हादरविले खरे, पण अमृतविषयी विचार करण्याचे काम थोडे कमी केले. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येईल की, दोन तास उबदार प्रकाशात ठेवलेल्या प्रेक्षकाला बाहेरचा उघडा, निर्दय उजेड एकदा दाखविणे आवश्यकच होते. नाहीतर तोही त्या मेजवानीतील एक पाहुणा होऊन घरी गेला असता. स्वतः छायालेखक असलेल्या दिग्दर्शकाने काय दाखवू नये यापेक्षा काय दाखवावे याची बाजू येथे घेतली, हे लक्षणीय आहे. वर्गात नाटक आणि चित्रपट शेजारी ठेवून वाद घालण्यास याहून चांगली जागा नाही. त्याच वर्षी एलकुंचवारांच्याच ‘होळी’ या नाटकावर केतन मेहता यांनी चित्रपट केला. तेथे दीर्घ, अखंड चित्रणावर भर आहे आणि छायालेखक जहांगीर चौधरी आहेत. एकाच नाटककाराची दोन नाटके एकाच वर्षी दोन निराळ्या दृष्टींनी वाचली जावीत, असा योग मराठीत दुर्मीळ आहे.

पुढील वाटचाल

भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील ‘तमस’ १९८८ साली दूरदर्शनवर आला. दिग्दर्शन निहलानी यांचे होते आणि छायालेखनात त्यांच्या जोडीला साक्षात व्ही. के. मूर्ती होते. एके काळी ज्यांच्या हाताखाली दिवे हलविले त्या गुरूंना शिष्याने आपल्या चित्रपटाचा कॅमेरा देऊ केला, आणि त्यांनी तो स्वीकारला. फाळणीच्या रात्रींतील जळणारी घरे आणि त्या उजेडात ओळखू येणारी माणसे यांत दोघांपैकी कोणाचा हात कोठे आहे, हे सांगणे अवघड आहे.

‘द्रोहकाल’ (१९९४) आणि महाश्वेतादेवींच्या कादंबरीवरील ‘हजार चौरासी की माँ’ (१९९८) हे त्यानंतरचे उल्लेखनीय चित्रपट. २००२ साली निहलानी यांना पद्मश्री मिळाली. मंजुळा पद्मनाभन यांच्या इंग्रजी नाटकावर आधारित ‘ती आणि इतर’ हा मराठी चित्रपट त्यांनी २०१७ साली दिग्दर्शित केला. शेजारून ऐकू येणाऱ्या एका स्त्रीच्या किंकाळ्या आणि त्या ऐकूनही घरात बसून राहणारी सुशिक्षित माणसे, असा त्याचा विषय आहे. ‘शांतता!’च्या बेणारेपासून फार दूर नसलेला.

मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात विभागात ‘मंथन’ची नव्याने सिद्ध केलेली प्रत दाखविण्यात आली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हे काम हाती घेतले होते आणि मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेली होती. रंग उडालेल्या फिल्ममधून मूळचा रंग कोणता हे यंत्र सांगू शकत नाही. पांढरे किती पांढरे होते, दुपारची माती किती पिवळी होती, वेगवेगळ्या फिल्मवर टिपलेले ते एकच गाव नेमके कसे दिसावयाचे होते, याचा निवाडा कोणीतरी करावा लागतो. तो श्याम बेनेगल आणि गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली झाला. बेनेगल यांचे त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी निधन झाले.